स्लो सेटिंगचं व्हाऊचर

महिनाअखेरीला व्हाऊचरं लावताना माझा हात सहसा अडत नाही. पंक्चर, ग्रीसिंग, काटा, हवा, हमाली, चहापाणी, पुन्हा पंक्चर. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काही वर्षं काढली की या चिठ्ठ्या वाचाव्या लागत नाहीत, कागद बघूनच कळतं. काळा ठसा असेल तर ग्रीस, कागद तेलकट होऊन आरपार दिसत असेल तर डिझेल फिल्टर, आणि अगदी कोरा करकरीत असेल तर ड्रायव्हरने जेवता जेवता स्वतः लिहिलेला. गेल्या पावसाळ्यात मात्र एकाच गाडीच्या गठ्ठ्यात एकच मजकूर पुन्हा पुन्हा येत राहिला. ‘स्लो सेटिंग’. एक चिठ्ठी तळोज्याच्या गॅरेजची, एक उरण रोडवरच्या कुठल्याशा टपरीची, एकीवर तर नावगाव काहीच नाही, नुसती रक्कम आणि अंगठ्याचा डाग. रक्कम दर वेळी किरकोळ, शेठच्या सहीची गरज पडू नये इतपत. मी त्या पास केल्या, गठ्ठ्याला रबर लावलं आणि रोडपालीला घरी आले. भाकऱ्या थापताना पुन्हा तेच डोक्यात. स्लो म्हणजे पाय काढल्यावर उभ्या गाडीचं इंजिन ज्या वेगावर चालू राहतं तो, आणि ही काही रोज सरकणारी गोष्ट नाही. एकदा नीट बसवला की कित्येक महिने कोणी त्याच्याकडे बघत नाही. मग हा सारखा का हलतोय?

दुसऱ्या कोणाला हा प्रश्न पडला नसता, हे मला माहीत आहे. पण मी ड्रायव्हरची मुलगी.

तुर्भे स्टोअरला आम्ही राहायचो तेव्हा आण्णा कांदा-बटाटा मार्केटच्या एका गाळेवाल्याची गाडी चालवायचे. गाडी रात्री गल्लीच्या तोंडाशी उभी असायची आणि पहाटे आमच्या पत्र्याच्या भिंतीपासून दहा-बारा पावलांवर सुरू व्हायची. आधी सेल्फचा ओढलेला आवाज, मग एक खोकला, मग पांढऱ्या धुराचा लोट, आणि मग ती एका ठेक्यावर यायची. आई चहा टाकायची. मांडणीच्या खालच्या फळीवर स्टीलच्या वाट्यांची चळत होती, ती कधीकधी वाजायला लागायची. रोज नाही. गाडी जोरात असताना तर मुळीच नाही. इंजिन जरा खाली उतरलं, धडधड जाड झाली, की त्या वाट्या किणकिण करायच्या. आण्णा कपबशी खाली ठेवून म्हणायचे, “स्लो उतरलाय.” आणि त्या दिवशी परत येताना मिस्त्रीकडून फिरून यायचे. वाट्या गप्प. आईने एकदा आवाज नको म्हणून चळतीखाली फडकं घातलं तर आण्णांनी ते काढायला लावलं होतं. पुढे अकरावीला फिजिक्समध्ये अनुनाद आला. सरांनी पुलावरून पावलं जुळवून चालणाऱ्या सैनिकांचं उदाहरण दिलं, वर्गाने ते वहीत उतरवलं, मला मात्र आमची मांडणी दिसत राहिली. सायन्स काही झेपलं नाही, बारावीला कॉमर्सकडे आले, पण तो एक धडा मला कोणी न शिकवता येत होता.

त्यातला हिशेब मी नंतर, या नोकरीत आल्यावर मांडला. आमच्या गाडीचं इंजिन ६९७. आकड्यातच त्याची कुंडली आहे: सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ९७ मिलिमीटर. धाकट्या टाटा ४०७ मध्ये ४९७ बसायचं, ते त्याच हिशेबाने चार सिलिंडरचं. असल्या जुन्या इंजिनांचा स्लो मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या आगेमागे असतो. फोर स्ट्रोक म्हणजे दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटणार. सहा सिलिंडर धरले तर ६०० फेऱ्यांना सेकंदाला ३० ठोके. स्लो पाचशेवर आला की ते पंचवीस होतात. तीस आणि पंचवीस यांच्या मधे कुठेतरी आमच्या त्या फळीचा आणि वाट्यांचा नंबर होता.

तर दुसऱ्या दिवशी नाना ॲडव्हान्स मागायला आले. नाना म्हणजे त्या गाडीचे ड्रायव्हर, आष्टीकडचे, वयाने माझ्या थोरल्या काकांएवढे, पण मला मॅडम म्हणतात आणि मी कितीदा सांगूनही ते सोडत नाहीत. मी विचारलं, “नाना, स्लोचं काय चाललंय? सारखं सेटिंग?”

“काय सांगायचं मॅडम. कधी उभी केली की बंद पडती. शीळफाट्याला सिग्नलला बंद पडली, मागचे आई-बाप काढत होते. मग वर करून घेतला. तर आता कधी रेसच उतरत नाही. पाय काढला तरी ओरडत राहती. मग खाली करून घेतला. की पुन्हा बंद.”

म्हणजे एकाने वर केला, दुसऱ्याने खाली केला, तिसऱ्याने पुन्हा वर. तिघांनीही खोटं काम केलं नव्हतं. जे मागितलं ते दिलं होतं. नाना आता ट्रक टर्मिनलमागच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडेच चालले होते. माझी जेवणाची सुट्टी होती. डबा ड्रॉवरमध्ये तसाच ठेवला आणि छत्री घेऊन निघाले. शेठ बाहेरगावी होते, हेही खरं.

कळंबोलीच्या पावसाला लोखंडाचा वास असतो. कॉइल आणि अँगल उघड्यावर भिजत पडलेले, त्यांच्यावरून ओघळणारं तांबूस पाणी, त्यात ट्रकच्या चाकांनी केलेला चिखल, आणि वर डिझेलची इंद्रधनुषी साय. मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे ताडपत्रीखालची जागा. ते कराडकडचे, बोलणं कमी. पुढे लांब नाक असलेली आमची गाडी त्यांनी लांबूनच ऐकली आणि नानांना आत घेऊच दिलं नाही. “किती वेळ चालू आहे?” “आत्ताच चालू केली.” “मग जाऊन या हायवेला एक फेरी मारून. थंड इंजिनाचा स्लो खोटा असतो.” नाना कुरकुरत गेले. तेल थंडीने घट्ट असतं, इंजिनाला स्वतःलाच फिरवायला जड जातं, अशा वेळी बसवलेला स्लो गाडी तापल्यावर वर चढून बसतो. तापमानाचा काटा मधोमध यायला हवा, मग पाना हातात घ्यायचा. रस्त्यावरच्या कोणी एवढं थांबलं नसणार. थांबायला गिऱ्हाईकच तयार नसतं.

गाडी परत आल्यावर बॉनेट उघडलं आणि मिस्त्रींनी पहिल्यांदा स्लोच्या स्क्रूकडे पाहिलंही नाही. इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाच्या बाजूच्या लिव्हरला पेडलकडून येणारा रॉड असतो, त्याची पिन काढून त्यांनी तो रॉडच सोडवून बाजूला केला. इंजिनाचा आवाज धपकन खाली आला, आख्खं नाक हलायला लागलं, आणि मग ते वर-खाली झुलू लागलं: भरभर, मग धिमं, मग पुन्हा भरभर. “बघा,” मिस्त्री म्हणाले. म्हणजे इतका वेळ लिव्हर स्क्रूवर टेकलेलीच नव्हती. तिला रॉडने उचलून धरलं होतं. ते खाली वाकले, पेडलपाशी हात घातला आणि सायकलच्या ट्यूबची एक पट्टी बाहेर काढली. परतीची स्प्रिंग कधी तुटली कोण जाणे, तिच्या जागी कोणी हे रबर बांधलेलं. ते सैल पडलं की पेडल पूर्ण वर येत नाही आणि रेस उतरत नाही. नाना आभाळाकडे बघत होते. रबर कोणी बांधलं हे मीही विचारलं नाही.

रेस न उतरण्याचं कारण सापडलं. बंद पडण्याचं राहिलं.

इथे थोडं थांबून पंपाबद्दल लिहिते, कारण तो बघत असताना मला एक जुनी गोष्ट पहिल्यांदा नीट समजली. पेट्रोलच्या जुन्या गाडीत पाय दाबला की हवेची झडप उघडते. या डिझेल इंजिनात तसली झडप नाही. हवा येईल तेवढी आत येते, आणि वेग ठरतो तो डिझेल किती सुटतं त्यावर. पण डिझेल एका ठरावीक मापावर बांधून ठेवलं तर हे इंजिन स्लोवर टिकतच नाही. जरा भार पडला की मरतं, जरा हलकं झालं की पळत सुटतं. म्हणून पंपाच्या मागच्या डब्यात गव्हर्नर बसवलेला असतो. फिरणारी दोन वजनं आणि त्यांना दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि पंपातली दातेरी पट्टी मागे सरकून डिझेल कमी करते. वेग पडला की स्प्रिंग जिंकते आणि पट्टी पुढे सरकते. चुलीवर दूध ठेवून आजी शेजारी बसते, उतू जाऊ लागलं की लाकूड ओढते, थंडावलं की सारते, तसं हे मिनिटाला कितीतरी वेळा चाललेलं असतं. स्क्रू वेग ठरवत नाही. स्प्रिंग किती ताणून बसायचं तेवढं तो सांगतो, पुढचं काम गव्हर्नरचं. आणि म्हणूनच जुना ड्रायव्हर जेएनपीटी बंदराच्या लाइनीत पहिल्या गिअरला क्लच सोडून पाय बाजूला ठेवतो आणि गाडी आपली आपण सरकत राहते. भार पडेल तसं गव्हर्नर डिझेल वाढवतो. आण्णा मला मांडीवर बसवून मार्केटच्या आवारात गाडी अशीच चालवायचे. त्यांचे दोन्ही पाय खाली मोकळे, आणि मला वाटायचं गाडी मीच चालवतेय.

आमच्या पंपावरची पाटी पुसट झालीय पण ‘मायको’ वाचता येतं. जर्मनीच्या बॉशने असे पंप कारखान्यात काढायला १९२७ मध्ये सुरुवात केली, आणि इकडची मायको १९५१ची. कंपनीचं नाव २००८ मध्ये बदलून बॉश झालं, तरी कळंबोलीत आजही कोणी बॉश पंप म्हणत नाही. मायकोच.

मिस्त्रींनी मग सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलच्या पाइपचं नट सैल करायला घेतलं. हे बघायला मला भीती वाटते. या पाइपमध्ये डिझेल २०० बारच्या आसपासच्या दाबाने जातं, बारीक चिरेतून उडालेली धार कातडीत घुसते, आणि ते डॉक्टरलासुद्धा पटकन कळत नाही. ते तोंड बाजूला करून, वर जाड फडकं धरून, पाना जेमतेम हलवायचे. नट सैल झालं की तो सिलिंडर मेला. इंजिन लंगडायला हवं. पहिला सोडला, लंगडलं. आवळला. दुसरा सोडला, लंगडलं. सहाच्या सहा सोडून झाले आणि प्रत्येक वेळी इंजिनाने तेवढाच गचका दिला. “नोझल बरी आहेत,” मिस्त्री म्हणाले. नानांचा चेहरा जरा उजळला, कारण नोझलचं बिल मोठं असतं आणि ते मोठं बिल घेऊन माझ्यासमोर त्यांनाच उभं राहावं लागतं.

राहिली हवा. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल करून त्यांनी हँड प्रायमर दाबायला सुरुवात केली, आणि डिझेलऐवजी आधी फेस आला. पांढरट, बारीक बुडबुड्यांचा फेस, जो दाबत राहिलं तरी संपेना. टाकीपासून फीड पंपापर्यंतची बाजू ओढीची असते. तिथे कुठे जोड सैल असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली एक थेंबसुद्धा नसतो आणि सगळे शपथेवर सांगतात की लिकेज नाही. बोट फिरवत फिरवत ते फीड पंपाच्या आधीच्या जोडापाशी आले, बोल्ट काढला, आणि तांब्याचा वॉशर तळहातावर घेऊन मला दाखवला. कडेला केसाएवढा चरा. “नवा नाही का?” मी विचारलं. “आहे. पण हाही होतो.” चरा त्यांनी एमरी पेपरवर घासून घालवला, मग तो वॉशर तारेत अडकवून बर्नरवर धरला. आधी तो निळा-जांभळा झाला, मग लाल. तसाच पाण्याच्या डब्यात टाकला. चुर्र. बाहेर काढून चिमटीत दाबला तर मऊ पडला होता. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं, तांबं मात्र मऊ पडतं, आणि मऊ तांबंच आवळल्यावर जोडात नीट बसतं. आयुष्यभर लोखंडाच्या बिल्ट्या लिहिणाऱ्या मला हे कोणी सांगितलं नव्हतं. तो एवढासा वॉशर बसला, प्रायमर पुन्हा दाबला, आणि फेस जाऊन निखळ, बुडबुडे नसलेलं डिझेल आलं. इंजिन चालू केलं तर झुलणं बंद.

आणि मग, एवढं सगळं झाल्यावर, स्क्रू. पुलीवर चमकत्या पट्टीचा तुकडा चिकटवला, आरपीएम मीटरचा लाल ठिपका त्यावर धरला. मीटर ७६० दाखवत होतं. लॉकनटला पाना, स्क्रूच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर. मिस्त्रींचं मनगट हललेलं मला दिसलं नाही, आवाज उतरलेला ऐकू आला. ७१०. ६५०. ६२०. लॉकनट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर थोडा फिरतोच, म्हणून त्यांनी आधीच तेवढा हिशेब धरला होता, आणि आवळून झाल्यावर मीटर सहाशेच्या दोन-चार फेऱ्या इकडेतिकडे थांबलं. मग हाताने लिव्हर पूर्ण ओढून एकदम सोडली. इंजिन ओरडलं आणि परत आलं, सहाशेच्या खाली न बुडता. पुन्हा एकदा. हेडलाइट लावून एकदा. त्याच लिव्हरच्या दुसऱ्या बाजूला अजून एक स्क्रू आहे, तारेने बांधून शिशाचं सील मारलेला. सगळ्यात वरचा वेग तिथे ठरतो. मी बोट दाखवलं तर मिस्त्री म्हणाले, “तो आपला नाही. तो पंप टेबलवर लावून बघणाऱ्याचा.” डब्याच्या मागे टोपीखाली आणखी एक स्प्रिंग असते, झुलणं थांबवायला. ती आवळूनही झुलणं थांबलं असतं, हवा तशीच ठेवून. आधीच्या कोणी ती आवळलेलीही निघाली. मिस्त्रींनी ती मागे घेतली आणि शिवी हासडली, मी आहे हे विसरून.

इथे काम संपायला हवं होतं. पण नाना म्हणाले, “अजून थोडा वर घ्या.”

“कशाला? बरोबर आहे.”

“घ्या हो. सातशेवर ठेवा.”

मिस्त्री ऐकेनात. वर ठेवला की पहिला टाकताना गिअर घासतो, क्लच खातो, लाइनीत गाडी पुढच्याच्या अंगावर जाते. हे नानांना माहीत नाही असं नव्हतं. नाना तीस वर्षं चालवतायत. ते माझ्याकडे बघत, जरा खालच्या आवाजात म्हणाले, “सहाशेवर अल्टरनेटर चार्ज करत नाही. दिवा लाल राहतो. बॅटऱ्या मेल्यात मॅडम. बंद केली की सेल्फ घेत नाही. रात्री कंपनीच्या गेटवर नंबर लागतो, पहाटे पुढे सरका म्हणतात. बंद पडलेली गाडी कोण ओढणार? टोचन लावायला कोणी येत नाही, आणि नंबर जातो. म्हणून मी बंदच करत नाही. चालूच ठेवतो, रात्रभर. मग स्लो वर लागतो.”

त्या गाडीच्या बॅटऱ्यांची मागणी माझ्याच ड्रॉवरमध्ये होती. उन्हाळ्यातली. तिच्यावर शेठच्या लाल पेनने लिहिलेलं, ‘पुढच्या महिन्यात बघू’. पुढचा महिना आमच्याकडे फार लांब असतो. आणि त्या चिठ्ठीच्या वरखाली, विशिष्ट रकमेच्या आतली असल्यामुळे कोणाच्याही सहीशिवाय, माझ्या हाताखालून गेलेली स्लो सेटिंगची व्हाऊचरं. मला या धंद्यात ही एकच गोष्ट कधीकधी सहन होत नाही. सहीच्या रेषेखाली जे बसतं ते वाहत राहतं. जे रेषेवर जातं ते अडतं. म्हणून गाडीचं दुखणं कुठलंही असो, ते रेषेखाली मावणाऱ्या कामात रूपांतरित होऊन येतं. स्लो, पंक्चर, ग्रीसिंग. डिझेलही त्यातच. उभ्या गाडीला तासाला एक ते दीड लिटर आम्ही हिशेबाला धरतो, आणि डिझेल तेव्हा नव्वदीच्या घरात होतं. गेटवरच्या रात्री मांडून पाहिल्या तर दीडेक महिन्यात दोन बॅटऱ्यांची रक्कम धुरातून गेलेली निघते. पण डिझेलला पेट्रोल पंपाचं कार्ड आहे. त्याला सही लागत नाही.

शेठ आल्यावर मी कागद समोर ठेवला. शेठ वाईट माणूस नाही. दोन गाड्यांचे हप्ते चालू आहेत आणि पार्टीचे पैसे नव्वद दिवसांनी येतात. त्यांनी आकडे नीट वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, “बरं, एक घेऊन टाक.” आमच्या गाडीला दोन लागतात, एकामागोमाग जोडलेल्या. इलेक्ट्रिशियनला विचारलं तर तो म्हणाला, एक नवी आणि एक मेलेली जोडलीत तर मेलेली नव्या बॅटरीलाही खाईल, दिवाळीला पुन्हा याल. मी पुन्हा कागद पाठवला. तो आत आहे.

मिस्त्रींनी त्या दिवशी शेवटी स्लो साडेसहाशेवर ठेवला. कोणाच्याच मनासारखं नाही. नव्या गाड्यांत हा वादच नाही: देशभर धुराचे नवे नियम, १ एप्रिल २०१७ला बीएस फोर आणि २०२०ला बीएस सिक्स, आल्यावर नव्या ट्रकमधून असे पंप गेले, आता स्लो कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरी कमी पडली तर काही गाड्यांत तो स्वतःच थोडा वर घेतो. मिस्त्री नव्या गाडीला हातच लावत नाहीत. स्कॅनरवाल्या पोराचा नंबर देतात. त्यांना त्याचं वाईट वाटतं का, कळत नाही. नानांना मात्र नवी गाडी हवी आहे, एसी केबिनची, हे ते उघड सांगतात. जुन्या इंजिनाच्या आवाजावर जीव लावणं मला परवडतं, कारण मी त्याच्या शेजारी झोपत नाही.

झोपत नाही हेही पूर्ण खरं नाही. रोडपालीला आमच्या सोसायटीच्या मागच्या सर्व्हिस रोडवर रात्री गाड्यांची रांग लागते, आणि माझ्या बेडरूमची खिडकी त्याच बाजूला. पडल्या पडल्या मला कळतं कुठल्या गाडीने हवा पकडलीय, कुठलीचा स्लो मुद्दाम वर ठेवलाय. धूर दुसऱ्या मजल्यापर्यंत येतो. खालच्या मजल्यावरच्या मुलाला दमा आहे. गेल्या रविवारी मीटिंगला त्या गाड्यांविरुद्धच्या तक्रारीचा मसुदा वाचला गेला, आणि मी सही केली. आण्णा असते तर काय म्हणाले असते याचा विचार मनात आला, पण आण्णांच्या खिडकीखाली कधी दहा गाड्या रात्रभर चालू नव्हत्या.

सेक्रेटरी तावातावाने विचारत होते, “इंजिन बंद करायला काय जातं हो या लोकांचं?”

“बंद केलं तर सकाळी चालू होत नाही,” मी म्हटलं. “बॅटऱ्या मेलेल्या असतात. ड्रायव्हरला दम देऊन उपयोग नाही, बॅटरी मालक घेतो.”

“मग?”

“मग मालकांना लिहा. ट्रान्सपोर्टवाल्यांना. वाहतूक शाखेला एक प्रत जाऊ दे, पण पहिलं पत्र मालकांना. गाडीवर नाव असतंच, नंबर असतो.”

ते थोडे घुटमळले. रांगेत आमच्याही ऑफिसची गाडी असते हे त्यांना ठाऊक होतं. मीच कधीतरी बोलून गेले होते. “तुमच्या शेठलासुद्धा पत्र जाईल हं मग. तुम्हाला अडचण नाही ना व्हायची?”

“स्पीड पोस्टाने पाठवा,” मी म्हटलं. “आवक नोंद मलाच करायची आहे.”